शिल्लक

दोन किल्ल्या. एक माझ्या कमरेला,
एक थेरेसा सिस्टरांच्या ड्रॉवरमध्ये.
दोघी असल्याशिवाय हे कपाट उघडत नाही,
आणि उघडलं तरी आत बघण्यासारखं काही नसतं:
मॉर्फिन, दहा मिलिग्रॅम,
मसुरीच्या दाण्याएवढं.

रजिस्टरात रकाने आहेत:
आवक, जावक, फुटलेल्या, परत, शिल्लक.
दुखण्याला रकाना नाही.

तिकडे नीमचकडे दुपारी बोंडाला चिरा देतात,
रात्रभर चीक पाझरतो,
सकाळी खरवडून घेतात.
त्याच बोंडातली खसखस
मी दिवाळीआधी रविवार पेठेतून आणते
आणि तिच्यावर अनारसे थापते.

भवानी पेठेत आई विड्या वळायची.
सुपात पान, तंबाखू, दोरा
आणि पदराच्या गाठीला बाळगोळी.
मोहरीएवढा तुकडा, दुधात उगाळून.
सगळ्याच बाया द्यायच्या.
पोरं सुपांशेजारी ओळीनं निजायची,
कुणी रडायचं नाही.
संध्याकाळी मी उठायचे.
माझ्यामागचा अंबादास एकदा उठला नाही.
त्या दिवशी आईच्या विड्या साडेसहाशेच भरल्या.
हा आकडा तिला शेवटपर्यंत पाठ होता.

म्हणून वारज्याचे पासलकर
खिडकीशी वाकून हळूच म्हणाले,
"मॅडम, ही अफूच ना? आबांना सवय लागेल,"
तेव्हा मला हसू आलं नाही.
आबांचा जबडा आतून पोखरलेला.
हातात महिना, फार तर दीड.
मी म्हटलं, चार-चार तासांनी द्या, घड्याळ लावून.
दुखायची वाट बघू नका.
पोट घट्ट होईल, त्याचं औषध वेगळं दिलंय.
मनानं एकही वाढवू नका.
आणि डबा कुलपात.
"कुलपात?"
घरात नातवंडं आहेत ना, म्हटलं.

(एक सांगायचं राहिलं.
भुलीच्या खात्यातला एक हुशार मुलगा
मे महिन्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालायचा.
माझ्या 'फुटलेल्या'च्या रकान्यात
त्याच्या अँप्यूल आधी एक, मग दोन,
मग आठवड्याला चार.
मला बेरीज येते.
तरी मी विचारायला पावसाळा उजाडू दिला.)

दहाव्या दिवशी पासलकरांचा फोन.
आबांनी पातळ पिठलं मागून घेतलं.
रात्रभर झोपले,
सकाळी उठले आणि पेपर उशिरा आला म्हणून भांडले.
"उठले हो," ते पुन्हा म्हणाले.
मी रिसीव्हर ठेवला नाही बराच वेळ.

काल ते आले. टोपीखाली भादरलेलं डोकं.
पिशवीतून डबा काढला, म्हणाले, मोजून घ्या.
सिस्टरांना हाक मारली. दोन किल्ल्या.
परत: अकरा.
एका गोळीला हळद लागली होती,
पिठल्याच्या हाताची असणार.
तीही मोजली.