कापलेला सात

अजून तीन दिवस. इर्मेलिंदाची बॅग
दोन किलोंनी जास्त भरते आहे
आणि तिला चोडणची मानस पुन्हा एकदा बघायची आहे.
मी म्हटलं, अहवाल झाला, सह्या झाल्या,
आता बाजारात चल, काजू घे, बेबिंका घे.
ती म्हणाली, उद्या पौर्णिमा.
उधाण केवढं चढतं ते मी कुठे पाहिलंय?

रायबंदरची फेरी.
सहा आठवड्यांपूर्वी याच कठड्याला टेकून तिने विचारलं होतं,
तुम्ही खाजनातल्या नाल्याला आणि पावाला
एकच नाव का देता?
पोंय आणि पोई. मी हसले होते.
परवा बैठकीत साहेबांसमोर
माझ्याच तोंडून निघालं, पोईतला गाळ काढावा लागेल.

शाबलो बांधावर उभा. बापानंतर मानशीचं दार त्याच्याकडे.
कोरगूट कापून झालेलं, शेतात नुसते खुंट,
आणि पाण्यात कोळंबीची पहिली हालचाल.
हे दोघं कुठल्या भाषेत बोलायचे
हे आमच्या एकाही फॉर्मवर लिहिता आलं नाही.
ती म्हणायची शाव्ह, तो म्हणायचा चावी,
दोघांचे हात एकाच कुलपाकडे जायचे.

रात्री पाणी आलं. आवाज न करता,
देणेकरी नसलेल्या घरात पाहुणा यावा तसं.
लाकडी दार आपणहून मिटलं,
पण खालच्या फळीशी कुर्ल्यांनी पोखरलेलं होतं
आणि खारं पाणी आत फुटू लागलं.
पेंढा. चिखल. पुन्हा पेंढा.
मी बॅटरी धरली होती, म्हणजे काहीच करत नव्हते.
ती कमरेएवढ्या पाण्यात, फळीला खांदा लावून,
आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता, म्हणाली,
आमच्याकडे केलिमानला दार नव्हतं.
आईचं शेत एका रात्रीत खारट झालं.

सहा आठवड्यांत हे एकदाच.
सादरीकरणात तिची चाळीस चित्रं होती,
त्यात हे नव्हतं.

पहाटे शाबलोच्या बायकोने सूप पुढे केलं.
तिने मूठभर कोरगूट उचललं, नाकाशी धरलं,
मग परत सुपात ओतलं, तळवा झटकून,
बोटांच्या बेचक्याही तपासून.
बी नेता येत नाही. नियम आहे.
पहिल्या आठवड्यात मीच वाचून दाखवला होता,
चहा पीत, घाईघाईने.

निरोप समारंभात शाल, नारळ, बटाटवडे.
साहेबांनी तिच्या देशाला मादागास्कर म्हटलं,
प्रमाणपत्रावर नाव इर्मालिंडा.
ती दोन्हीला हसून थँक्यू म्हणाली
आणि नारळ माझ्या टेबलावर ठेवून गेली, वजनापायी.
गमबूटही राहिले. माझ्या पायाला मोठे होतात.
दाबोळीला पहाटे साडेतीनला
आम्ही ट्रॉलीच्या एका चाकाबद्दल बोललो,
ते डावीकडे ओढत होतं.

आता मानशीच्या जांभ्या दगडावर
तिने पांढऱ्या रंगाने रंगवलेले आकडे आहेत,
आणि त्यातल्या सातांच्या पोटातून आडवी रेघ,
तिच्या शाळेत शिकवली तशी.
माझ्या वहीतही ती रेघ कधी शिरली कळलं नाही.
लेखापरीक्षकाने तांबड्या शाईत विचारलंय,
हा आकडा खोडला आहे का?
उत्तर अजून दिलेलं नाही.

शाबलोला आकडे वाचता येत नाहीत.
काल अमावास्येच्या भरतीला त्याचा फोन आला.
किती चढलं? मी विचारलं.
तो म्हणाला, वरच्या कापलेल्याच्या खाली चार बोटं.
मागे पाणी दाराला धडकत होतं.
जरा थांबून म्हणाला, बाय पोचली मगो?
तिला जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते.
पोचली, म्हटलं,
आणि वहीत लिहिलं: चार बोटं.