सतरा नंबरचा चौकोन

आगीचा दिवस कागदावर ठरला होता, तीन सह्यांनिशी:
मार्चचा दुसरा मंगळवार,
वारा ताशी सहा मैल, हवेत पुरेसा दमटपणा.
सॅन डिएगोच्या मागच्या डोंगरावर
एनोस किचेलने टॉर्च तिरका धरला
आणि उताराला जाळाची किनार घालत गेला
शिंप्यासारखा, मागे न बघता.

चमीसच्या पानांत तेल असतं.
ती पेटते तेव्हा तापल्या तव्यावर
ओला हात झटकल्यासारखा आवाज येतो.
वीस मिनिटांत सगळं झुडूप
काळ्या काटक्यांवर आलं.
माझे अ‍ॅल्युमिनियमचे बिल्ले तारांना लटकत राहिले.
दोन वितळले.

धूर सरला, मग धुमारे.
पाचव्या आठवड्यात पहिला:
चमीसच्या बुंध्याशी, जमिनीत अर्धी बुडालेली
लाकडाची गाठ असते, माझ्या डोक्याएवढी,
तिच्यातून आला, लालसर, सुईच्या टोकाएवढा.
जून संपताना एका गाठीवर एकशे बारा.
सशांनी चाळीस खाल्ले.
मी वहीत बहात्तर लिहिले,
सशांबद्दल काही नाही.

आमच्या उतारावरच्या मॅन्झनिटाला गाठ नसते.
ती लाल गुळगुळीत साल मेली की मेली.
तिची सगळी भिस्त मातीतल्या बियांवर,
वर्षानुवर्षं निजलेल्या,
राखेच्या, धुराच्या चाहुलीने कूस बदलणाऱ्या.

पण मार्चची माती ओली होती.
ओल्या मातीत बी तापत नाही,
शिजतं.

जानेवारीत मी गुडघ्यांवर बसून मोजलं.
शून्य. शून्य. शून्य.
एक.
तो निघाला परक्या गवताचा.

बर्नाडीन ओर्तेगा टोपल्यांच्या काड्या न्यायला
खालच्या रिझर्वेशनवरून यायची.
तिने चिमूटभर माती हुंगली, टाकली.
"माझ्या बापाची आत्या आग लावायची," ती म्हणाली,
"पण खाली, ओढ्याकाठच्या गवताला.
वरच्या झुडपांना नाही.
त्यांची वेळ त्यांना विचारायला लागते,
आणि ती लवकर सांगत नाहीत."

एनोस बुटाने राख उकरत होता.
"ऑक्टोबरात लावली," तो म्हणाला,
"तर खालची चाळीस घरं जातील.
मला परवानगी मार्चचीच मिळते."
त्यावर कोणी काही बोललं नाही.
खोटं कोणीच बोलत नव्हतं.

एप्रिलमध्ये तोच मला हाक मारायला आला.
मोठ्या खडकाच्या आडोशाला,
जिथे त्या मार्चमध्ये माती कोरडी राहिली असणार,
तीन रोपं. मॅन्झनिटाचीच.
चौकोनाच्या दोरीबाहेर, वीतभर.

"दोरी सरकवू?" त्याने विचारलं.
मी नाही म्हटलं.

मग थर्मासातली कॉफी संपेपर्यंत
आम्ही तिथेच बसलो,
आपली सावली त्यांच्यावर पडणार नाही
अशा बेताने.