शेवटचं रीळ

तासगावचा खेळ नऊचा, मणेराजुरीचा साडेनऊचा,
प्रिंट एकच.
अकरावं रीळ संपतं तेव्हा
दोघं भाऊ समोरासमोर, एकाच्या हातात कोयता.
कोयता पुढं कुठं जातो
ते माझ्या लुनाच्या कॅरिअरवर,
पत्र्याच्या डब्यात, अजून गरम.

तंबूत शिट्ट्या चालल्या असतील, मग शिव्या.
द्राक्षबागांमधून मी येतोय,
खड्ड्याखड्ड्याला डबा खडखडतोय,
आतल्या आत जुंपलीय जणू.

मशीनवर अब्बा.
याच लुनानं शमाआपाला
मी पहाटेच्या एसटीला सोडली,
त्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून अबोला.
वाटेत मीही जुळवत होतो
आवाज चढवून म्हणायची चार वाक्यं,
योगेवाडीच्या चढाला तर हातसुद्धा उगारला.

"उशीर केलास."
"हवा गेलती."

एवढंच.
मग तंबूभर भावाचा आवाज घुमला,
आईच्या दुधाची शपथ, वीज, ढोल,
पोरं बाकावर उभी.
अब्बांचा अर्धा चेहरा कार्बनच्या उजेडात,
डोळा फोकसवर.
"बरी हाय का ती?"

मशीनचा आवाज मोठा होता.
ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं.