चौकट क्रमांक चार

सकाळचे आठ. आत्ताच ऊन असं,
की किल्ल्याच्या बुरुजावरली कबुतरं सावली बदलून बसलीत.
तहेसीन कागद वाटते, कॉलेजची पोर.
दोघांत एक पाटी, एक पेन्सिल, एक चौकट:
सुतळीची, मीटरभर, चार खुंट्यांवर ताणलेली.
"दहा मिनिटं. आत येईल तेवढंच मोजायचं.
फुलाला टेकली तरच. नुसती घिरटी घातली, तर नाही."

जकात नाक्यावर मी अठ्ठावीस वर्षं काढली.
अक्कलकोट रोडनं शहरात काय काय आलं,
सुताच्या गाठी, तूरडाळ, ताडपत्रीखाली दडवलेला गूळ,
सगळ्याची पावती माझ्या हातची.
ही पहिलीच आवक, जिला मी अडवत नाही.

वाटलं होतं, गुलाबाचा वाफा मिळेल.
मिळाली एकदांडी.
गळक्या नळाच्या ओलीवर माजलेलं तण.
मल्लिनाथ माळी विळा घेऊन उभाच,
"साहेब यायलेत तपासायला. हे काय ठेवायचं होय बागेत?"
तहेसीन त्याच्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलली.
त्यानं विळा कमरेला खोचला
पण हलला नाही तिथून.
राखण करत होता की राग धरून होता, कळेना.

माझ्या जोडीला भूदेवी येमुल.
वय विचारलं तर नुसती हसते.
चाळीस वर्षं विड्या वळल्या, दिवसाला हजार.
तिला लिहिता येत नाही, मला धड दिसत नाही,
उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून पिकायचाय.
तेव्हा बघायचं तिनं, लिहायचं मी.

"फुलोरी" हे नाव तिनं माझ्याकडून एकदा ऐकून घेतलं,
मग तिचं तिचं सुरू: तेनेटीगा, अजून एक तेनेटीगा,
सीताकोकचिलुका.
मी मधमाशीच्या रकान्यात दोन रेघा मारतो,
फुलपाखराच्या एक.
एवढं लांब नाव, आणि रेघ एवढीशी.

अंगठा तिचा बोटांच्या पेरांवर फिरतो,
तंबाखू नसलेली विडी वळत असल्यासारखा.
"पंचवीस झाले की सांगते. कट्टा पंचवीसचा."

जॉगिंगवाले एक गृहस्थ थांबतात,
"काय हरवलंय का?"
भूदेवी मान वर न करता, "तुमी सावली सोडा आदी."

पाचव्या मिनिटाला काळं-पिवळं काहीतरी
हवेत टांगल्यासारखं थांबतं, टेकतं, उडतं.
मधमाशी, मी म्हणतो. तिचं म्हणणं, नाही, ही सोंग घेतलेली माशी.
शेवटी "नक्की नाही"मध्ये एक रेघ.
नाक्यावर असला रकाना नव्हता.
असता, तर बऱ्याच रात्री झोप लागली असती.

मग ती म्हणते, "हिचा पंख फाटकाय. धरायची?"
"धरायची."
"छाट नाही काढत?"
"नाही."
ती चौकटीवरची नजर काढून माझ्याकडे बघते.
कारखानदार रोज मूठभर विड्या बाजूला सारायचा,
वाकडी, सैल, पान चिरलेली.
पैसे त्यांचे नाही द्यायचा,
विड्या मात्र ठेवून घ्यायचा.
हे तिनं आत्ता सांगितलं नाही. मागच्या रविवारी, चहा पिताना.
तेवढ्यात एक आली असेल आणि निसटली असेल.
आमच्या हिशोबात ती नाही.

आठव्या मिनिटाला काहीच नाही. नवव्यालाही.
वारा भट्टीसारखा, एकदांडीच्या दांड्या डुलतात,
मुंग्या जातात खालून, त्यांचा रकाना वेगळ्या कागदावर.

शिट्टी वाजली. तेवीस.
"दोन कमी पडले," भूदेवी चुकचुकते,
"कट्टा भरत नाही हा."
आणि शिट्टीनंतर, नेमक्या शिट्टीनंतर,
एक आली. मागोमाग दुसरी.
पेन्सिल माझ्या हातात. तहेसीन पार तिकडं, चौकट नऊला.
भूदेवी काही बोलली नाही. मीही.
पेन्सिल पाटीच्या चिमट्यात अडकवली.

मागनं मल्लिनाथ पुढं वाकला, विळा पाठीशी धरून,
एकदांडीच्या एका फुलाकडे हनुवटी केली,
"आन् ही?"