उन्हाळी, पत्रा क्रमांक एकशे बारा

पान चिमटीत धरून ओढलं
की सरळ तुटत नाही.
बाणाच्या शेपटासारखं तुटतं,
दोन्ही कडांनी तिरकं.
म्हणून शरपुंखा.
हे चिद्रवार सरांनी शिकवलं पहिल्याच दिवशी,
औशाच्या माळावर, मुरमात गुडघे टेकून.
बाकी कशावर भरवसा ठेवू नकोस, म्हणाले,
ही बाई दर कोसाला लुगडं बदलते.

नऊ वर्षं झाली.
मांजरेच्या काठाची कमरेएवढी, फांद्या आभाळाकडे.
रेणापूरच्या खडकावरची भुईला चिकटलेली,
कुणी नुकतंच पाय देऊन गेल्यासारखी.
किल्लारीच्या जुन्या गावठाणात,
जिथे आता नुसतेच चौथरे,
फुलं पांढरी, अगदी पांढरी.
रस्ता ओलांडला की जांभळी.
शेंगेत कुठे पाच बिया, कुठे नऊ.
लव कुठे दाट, कुठे नाहीच,
कुठे फक्त तिरप्या उन्हात दिसेल तेवढी.

किल्ली म्हणते,
लव असेल तर चौथ्या ओळीवर जा,
नसेल तर सातव्या.
लव थोडीशी असेल तर कुठे जायचं
ते लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाही.
तो बहुधा एकाच पावसाळ्यात येऊन गेला.

मुनीरभाई पत्र्याला डिंक लावतात,
एक पान पोटाकडून, एक पाठीकडून दिसेल असं बसवतात,
जाड देठाला सुईनं टाका घालतात
आणि पेन उचलून विचारतात.
कूळ? सांगते.
वंश? सांगते.
जात?
पंखा फिरत राहतो.
"पोरांच्या दाखल्यावर बी इथंच अडतंय, मॅडम."
पेन्सिलनं लिहा, मी म्हणते.

गेल्या आषाढात एका झाडाला लाल दोरा बांधला.
गुळगुळीत होतं. सातवी ओळ.
चैत्रात गेले तेव्हा दोरा विटलेला,
झाड लवेनं पांढुरकं, पान निम्म्यानं लहान.
चौथी ओळ.
जागचं हललं नव्हतं आणि जात बदलून बसलं होतं.
कपाटातले एकशे अकरा पत्रे आठवले.
कुठला मी कोणत्या महिन्यात उचलला होता?
घामानं चष्मा नाकावर उतरला.

"काय बघूलालीस गं मघापासून?"
सोजरबाई. मागं शेळ्या, डोक्यावर पदराची घडी.
म्हटलं, ही अन् आषाढातली एकच का दोन?
ती वाकलीसुद्धा नाही. काठीनं ढोसलं.
"एकच की. उनाचं आंगावर घेतलंय तिनं कायतरी."
मग ती ओढ्याकडची?
"ती न्हाई. ती येगळी."
कशावरून?
"शेळ्या तोंड लावत न्हाईत."
का?
"आता ते शेळ्यायला इचार."

ओढ्याकडचीला मी पाच वर्षं हीच म्हणत आले होते.
उतरले. पान ओढलं.
बाणासारखंच तुटलं, हुबेहूब सरांच्या बाणासारखं.
एकच फूल उरलं होतं.
पाकळ्या बाजूला केल्या, भिंग लावलं:
कुक्षीवृंतावर बारीक दाढी.
माळावरच्याला नव्हती.
नव्हती, का मी पाहिलीच नव्हती?

अर्धं पान जिभेवर ठेवलं. कडू.
चढ चढून दोऱ्याच्या झाडाशी आले,
त्याचंही चावलं. कडूच.
पुन्हा खाली गेले.
सोजरबाई बाभळीखाली बसून बघत होती,
हसत नव्हती, मोजत असावी
माझ्या खेपा.

सोमवारी मुनीरभाईंनी शेऱ्याची ओळ वाचली,
मग माझ्याकडे बघून मोठ्यानं पुन्हा वाचली:
शेळ्या तोंड लावत नाहीत.
"हे शाईनं लिहू, का पेन्सिलनं?"