न लिहिलेलं ‘आहे’

टेगवेन प्रॉसर डरहॅमहून आली ती गुरुवारच्या बसने.
दोन पेट्या पुस्तकं, एक केटल,
आणि विद्यापीठातल्या खुर्चीबद्दल चकार शब्द नाही.
‘हाकलली असणार,’ खाणीतली माणसं म्हणाली.
माझा बापही म्हणाला. त्याच्या छातीत
पाटीच्या दगडाचा भुगा;
प्रत्येक वाक्याचा शेवट तो खोकल्याला देऊन टाकायचा.

चॅपेलच्या मागच्या खोलीत आम्ही नऊ जण,
रॉकेलच्या शेगडीला पाठ लावून.
तिथली खिडकी उघडी राहत नसे.
बाईंनी तिला टेकू दिला स्वतःच्या प्रबंधाचा:
हिब्रू क्रियापदं, सहाशे बारा पानं.
‘इतकी हवा त्यातून कधी आली नव्हती.’

देव शिकवायला आल्या होत्या म्हणे.
शिकवलं व्याकरण.
फळ्यावर दोन शब्द: दार. उघडं.
‘वाच, इदवाल.’
‘दार उघडं आहे.’
‘आहे कुठे आहे?’
आम्ही फळा शोधला. नव्हतं.
‘त्या भाषेत हे आहे लिहीत नाहीत.
वाचणाऱ्याने आपल्या खिशातून घालायचं.’
मग हाताचा खडू झटकत, आमच्याकडे न बघता:
‘मी वीस वर्षं ते पानावर शोधत होते.’

बाप फेब्रुवारीत गेला.
बाई आल्या, प्रार्थना म्हटली नाही.
कप विसळले, कोळसा आणला,
जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिल्या.
मी तेरा वर्षांचा. विचारलं, कुठाय तुमचा तो?
त्यांनी तोंड उघडलं,
आणि मिटलं.
त्याबद्दल मी त्यांना बरीच वर्षं माफ केलं नाही.
आता वाटतं, तेवढं एकच उत्तर
मला अजून खोटं ठरवता आलेलं नाही.

पुढे त्यांनी पुस्तक लिहिलं. अठ्ठेचाळीस पानं,
हिरवं कव्हर, वर्तमानपत्राच्या छापखान्यात छापलेलं,
पान नऊ उलटं.
लांबून पत्रं यायची, लोक यायचे,
आणि त्या त्यांना बटाटे सोलायला बसवायच्या.

मी ट्रक चालवतो. चॅपेलमध्ये आता गालिचे विकतात.
देवाचं मला काही विचारू नका.
पण आईचं घर विकायच्या आदल्या रात्री
त्या खालच्या पायरीशी उभा राहून
दोन शब्द बोललो: बाबा. इथे.
आणि खिशात हात घातला.

चिल्लर होती.
हात मात्र लगेच बाहेर काढला नाही.