फ्लेक्सची मागची बाजू

फ्लेक्सला मागची बाजू असते. पांढरी, कोरी.
तिथे कुणी काही छापून मागत नाही.
अमळनेरला, पैलाडात, बोरीच्या पुलापासून
चौथं शटर माझं.
या गावात जे गाजलं आणि जे पडलं
ते आधी माझ्या मशीनखालून गेलं,
चौरस फुटाला नऊ रुपये, रिंगा धरून.

हेमराज कोठावदे पुण्याहून परतला
तो बुटांसकट दुकानात शिरला.
म्हणाला, काका, कबड्डी नाही विकायची, अनुभव विकायचा.
संघांची नावं आणली होती लिहून:
पारोळा पँथर्स, चोपडा चार्जर्स, एरंडोल ईगल्स,
आणि य वरून काही सुचेना म्हणून
यावल यॉर्कर्स.
मी म्हटलं, यॉर्कर क्रिकेटात असतो रे.
तो म्हणाला, ब्रँडिंगमध्ये चालतं.
छापलं.

झुलाल बडगुजरला त्याने नको म्हटलं होतं.
झुलाल, म्हणजे तीस वर्षं रिक्षाला बांधलेला भोंगा:
सर्कस, तमाशा, हरवलेलं पोर, उद्या नळाला पाणी नाही,
सगळं एकाच आवाजात,
पाणी नाही हेसुद्धा सिंह आल्यासारखं.
त्याच्या जागी वीस बाय दहाचा फ्लेक्स:
प्रवेश फक्त ॲपवर.

त्या संध्याकाळी मैदानाबाहेर दोन हजार माणूस,
हात वर, हातात मोबाइल,
जशी रेंज कवठासारखी झाडावरून पाडायची होती.
ओटीपी आला दुसऱ्या दिवशी, भाकरीच्या वेळेला.
आत तीन हजार खुर्च्या, पांढऱ्या कव्हरातल्या,
नवरदेव पळाल्यानंतरचा मांडव.
पँथर्स जिंकले.
कुणासमोर, ते विचारू नका.

झुलाल शेजारच्या गच्चीवर होता.
लोटनच्या उज्ज्वलाने फोन पाण्याच्या टाकीला टेकवला,
म्हणाली, आबा, बोला.
जे दिसत होतं ते त्याने सांगितलं,
जे दिसत नव्हतं ते जास्त रंगवून.
झाड मध्ये आलं की,
"आते निंब खेळी ऱ्हायना भो, निंबनी पकड पक्की शे!"
रिकाम्या खुर्च्यांना नावं ठेवली, सोयरीक जुळवली,
मागच्या रांगेतल्या एकीला तर बारशाचं आवतण दिलं.

तिकडे सुरतेला, उधन्यात, लिंबायतात,
लूमवर रात्रपाळी करणारी आपली पोरं
कानात वायर घालून एकटीच हसत सुटली.
सकाळपर्यंत साठ हजार.
उज्ज्वलाला वाटलं, फोन बिघडला.

तिसऱ्या महिन्यात केळी वेफर्सवाले आले.
झुलालला कोट दिला,
जळगावला काचेची खोली दिली,
आणि कागद दिला, शुद्ध मराठीतला:
"रसिक प्रेक्षकहो, आता आपण पाहणार आहोत..."
तोही फ्लेक्स मीच छापला.
माझ्या पोऱ्याने झुलालच्या सुरकुत्या पुसल्या,
गालाला गुलाबी लावला. मी थांबवलं नाही,
ॲडव्हान्स मिळाला होता.
चौकात त्याची बायको उभी राहून बघत राहिली,
"हाऊ कोन शे?"

साठ हजारांचे अकराशे झाले,
त्यातले निम्मे वेफर्सच्या गोदामातले,
मॅनेजरने बसवलेले.

हेमराज येतो अजून. आता चपला बाहेर काढतो.
चहा घेतो, विचारतो, काका, चुकलं कुठे?
मला कळलं असतं तर मी दुसऱ्यांचे शब्द
फुटावर विकत बसलो असतो का?
एवढं आठवतं, की त्या निंबाला
कुणी मानधन दिलं नव्हतं.

झुलाल परत रिक्षावर आहे, कोट घालून.
गरम होतं, म्हणतो, पण खिसे चांगले आहेत.

परवा पातोंड्याच्या रस्त्याला मक्याचा ढीग दिसला,
वर माझाच माल.
लोक सहसा कोरी बाजू वर टाकतात,
याने छापलेली टाकली होती, शाई अजून घट्ट:
प्रवेश फक्त ॲपवर.
एक शेळी कड उचलून
आत जात होती.